पार्श्वभूमी : सौर पॅनेलवरचा वॅटचा आकडा कसा ठरला

सौर पॅनेलच्या पाठीवर लेबल असते. त्यावर ‘550 वॅट’ असा आकडा ठळक छापलेला असतो आणि खाली बारीक अक्षरांत तीन अटी असतात : 1000 वॅट प्रति चौरस मीटर (उन्हाची तीव्रता), 25 अंश सेल्सिअस (पॅनेलचे तापमान), एएम 1.5 (प्रकाशाने पार केलेली हवा). अक्षय ऊर्जेवरचे वाद, मग ते क्षमतेचे असोत, खर्चाचे असोत की जागेचे, बहुधा वरचा आकडा धरूनच घातले जातात. खालच्या ओळीकडे फारसे कुणी पाहत नाही. खरी मेख मात्र त्याच ओळीत आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की विद्युतदाब तयार होतो, हे 1839 मध्ये फ्रान्समधल्या एका 19 वर्षांच्या तरुणाला आढळले. 1876 मध्ये हाच परिणाम सेलेनियममध्ये, म्हणजे घन पदार्थात दिसला. 1883 मध्ये सेलेनियमवर सोन्याचा अगदी पातळ थर चढवून सौरघट, म्हणजे प्रकाशापासून वीज करणारा तुकडा, तयार झाला, पण त्याची कार्यक्षमता 1 टक्क्याच्या आसपासच होती. पुढची सत्तर वर्षे तो कुतूहलाचाच विषय राहिला, कारण घटात नेमके काय घडते याचा उलगडाच झाला नव्हता.

अडचण लहरींच्या गणितात होती. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे सूत्र प्रकाशालाही लागू पडते. 500 नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाची वारंवारता त्यातून 6×10¹⁴ हर्ट्झ निघते. पण लहर किती ऊर्जा वाहून नेते हे तिच्या आयामाच्या, म्हणजे उंचीच्या, वर्गावर ठरते. तसे असेल तर मंद प्रकाशानेही, पुरेसा वेळ दिल्यास, कोणत्याही रंगात इलेक्ट्रॉन सुटायला हवा. प्रयोगात तसे होत नव्हते. ठरावीक वारंवारतेच्या खालचा प्रकाश कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉन ढिम्म हलत नसे. 1900 आणि 1905 मधल्या दोन शोधनिबंधांनी हा पेच सोडवला : ऊर्जेची देवाणघेवाण पुड्यांमध्ये होते आणि पुडीचा आकार वारंवारतेच्या प्रमाणात असतो. हातापुरते सूत्र सोपे आहे. 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, की फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका पुडीची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या छोट्या एककात मिळते.

आता सिलिकॉन घ्या. त्याचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे मर्यादा साधारण 1100 नॅनोमीटर. त्याहून लांब लहरींचा अवरक्त प्रकाश सिलिकॉनमधून आरपार जातो, वीज देत नाही. उलट 500 नॅनोमीटरचा फोटॉन 2.48 इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन येतो. त्यातले 1.12 उपयोगी पडतात आणि उरलेल्या 1.36 ची उष्णता होते. एका बाजूने निसटणे, दुसऱ्या बाजूने वाया जाणे, या दोन तोट्यांच्या कात्रीत प्रत्येक घट सापडलेला असतो. 1961 मध्ये याच हिशेबातून एकाच जोडाच्या, म्हणजे प्रकाश टिपणारा एकच पदार्थ असलेल्या, घटासाठी सुमारे 30 टक्क्यांची कमाल मर्यादा काढली गेली. आजच्या प्रमाण वर्णपटावर तीच मर्यादा 33.7 टक्के येते. पदार्थविज्ञान तेच आहे. फरक मुख्यतः कोणता सूर्य धरला याचा आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

फोटॉन आले म्हणून लहर निकालात निघाली नाही. उघडे सिलिकॉन 30 टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवून लावते. त्यावर उपाय म्हणून सुमारे 2 अपवर्तनांकाच्या सिलिकॉन नायट्राइडचा थर देतात. जाडी थरातल्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश : 600 नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी 600 ला (4 गुणिले 2) ने भागून 75 नॅनोमीटर. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी अर्ध्या आवर्तनाने मागेपुढे होतात आणि एकमेकींना खोडतात. नारिंगी-तांबड्या प्रकाशासाठी हे उत्तम जुळते, निळ्यासाठी तितकेसे नाही. पॅनेलचा ओळखीचा निळा रंग हा असा उरलेला प्रकाश आहे. घटात शिरेपर्यंत प्रकाशाचा हिशेब लहरीचा आणि शिरल्यावर पुडीचा, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते.

व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉन घट 1954 मध्ये एका अमेरिकी प्रयोगशाळेत दाखवला गेला. कार्यक्षमता सुमारे 6 टक्के. मार्च 1958 मध्ये असे घट लावलेला छोटा उपग्रह सोडला. त्यातला बॅटरीवरचा प्रेषक काही महिन्यांत बंद पडला, पण सौरघटांवरचा 1964 पर्यंत चालला. अंतराळात मापनाचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. वातावरणाबाहेर सूर्यप्रकाशाचा वर्णपट फारसा बदलत नाही आणि तीव्रताही 1361 वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास राहते.

1973 च्या तेलसंकटानंतर घट जमिनीवर आले आणि घोळ सुरू झाला. हवेतून येताना ओझोन, बाष्प, धूळ प्रकाशाचा वेगवेगळा हिस्सा गिळतात. किती गिळतात हे सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. एका प्रयोगशाळेचा सूर्य डोक्यावर, दुसरीचा कललेला; तोच घट दोन ठिकाणी दोन कार्यक्षमता दाखवी. सरकारी पैसा वाटायचा तर तुलना हवी होती. त्यासाठी 1975 आणि 1977 मध्ये अमेरिकेत बैठका झाल्या आणि ‘एएम 1.5’ वर शिक्कामोर्तब झाले.

एएम म्हणजे प्रकाशाने पार केलेल्या हवेची जाडी. सूर्य डोक्यावर असताना ती 1 धरतात. कलल्यावर ती शिरोबिंदूपासूनच्या कोनाच्या कोसाइनने 1 ला भागून मिळते. 48.2 अंशांचा कोसाइन जवळपास दोन तृतीयांश, म्हणून 1.5. यासोबत पुढे 37 अंश कललेला पृष्ठभाग धरला गेला, कारण अमेरिकेच्या सलग 48 राज्यांचे सरासरी अक्षांश तेवढे. थेट आणि विखुरलेला प्रकाश मिळून एकूण 1000 वॅटचा गोल आकडा घेतला. आरशांनी वा भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या यंत्रणांना विखुरलेला प्रकाश कामाचा नसतो. त्यांच्यासाठी फक्त थेट प्रकाशाचा, 900 वॅटचा वेगळा वर्णपट ठेवला. विषुववृत्तावरचे ऊन असो की उत्तरेकडचा ढगाळ हिवाळा, सगळ्या पृथ्वीवरचे पॅनेल तेव्हापासून एका देशाच्या सरासरी अक्षांशाच्या उन्हात मोजले जातात.

25 अंशांची अट याहून वादग्रस्त आहे. कारखान्यात पॅनेलवर काही मिलिसेकंदांचा झोत टाकून मोजमाप होते, म्हणजे पॅनेलला तापायला वेळच मिळत नाही. भर उन्हात घट आसपासच्या हवेपेक्षा 25 ते 30 अंशांनी गरम असतो. हवा 35 अंश असेल तर घट सहज 60 वर जातो. दर अंशामागे 0.35 टक्के तूट धरली तर 35 अंशांच्या फरकात 12 टक्क्यांहून थोडी अधिक शक्ती जाते आणि 550 वॅटचे पॅनेल 480 च्या आसपास येते. पॅनेल सदोष नाही. लेबलाला प्रखर ऊन आणि गार घट एकाच वेळी हवा असतो, आणि असा योग बाहेर क्वचितच येतो.

त्या बैठकांची बाजूही न्याय्य होती. त्यांना पुन्हा पुन्हा तेच उत्तर देणारे माप हवे होते आणि ते मिळाले. अन्याय नंतर झाला, जेव्हा प्रयोगशाळेतले तुलनेचे माप बाजारातले विक्रीचे आणि मग धोरणातले क्षमतेचे माप बनले. 1980 च्या दशकातही पर्याय समोर होता : दिवसभरात किंवा वर्षभरात किती किलोवॅट-तास मिळतील, ते छापायचे. ऊर्जेवर आधारलेले असे मानक 2011 पासून टप्प्याटप्प्याने आलेही, पण विक्री अजून वॅटवरच चालते.

लेबलवरचे वॅट आणि प्रत्यक्ष मिळणारी वीज यांतला फरक किती मोठा आहे हे साध्या लहरीवरून दिसते. 12 तासांचा निरभ्र दिवस धरा. ऊन सकाळी शून्य, दुपारी 1000, संध्याकाळी पुन्हा शून्य, म्हणजे साइन वक्राची अर्धी कमान. या कमानीची सरासरी 2 भागिले पाय, सुमारे 0.64. रात्र धरून चोवीस तासांची सरासरी 1 भागिले पाय, म्हणजे जेमतेम 32 टक्के. यात ढग नाहीत, उष्णता नाही, धूळ नाही. प्रत्यक्षात 2022 मध्ये जगातली सौर क्षमता 1 टेरावॅटच्या पुढे गेली आणि त्या वर्षी वीज सुमारे 1,300 टेरावॅट-तास झाली; सरासरी पडली क्षमतेच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी. सौरऊर्जेचे विरोधक हा आकडा फसवणूक म्हणून मिरवतात, समर्थक तो झाकतात. दोघेही मोजण्याच्या अटी सांगत नाहीत. त्यात काही देश पॅनेलचे डीसी वॅट मोजतात, तर काही इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे एसी वॅट. डीसी आकडा सहसा मोठा असतो, आणि तक्त्यांत दोन्ही शेजारी शेजारी छापले जातात.

नव्या घटांनी हा जुना वाद पुन्हा उकरला आहे. पेरोव्हस्काइटचा (विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांचा) पहिला घट 2009 मध्ये 3.8 टक्क्यांचा होता. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेले जोडघट आता प्रयोगशाळेत 33 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. यात वरचा थर निळा-हिरवा प्रकाश टिपतो आणि खालचा तांबडा व अवरक्त. पण दोन्ही एकसरीत जोडलेले असतील तर प्रवाह कमजोर थराइतकाच वाहतो. एएम 1.5 साठी जुळवलेल्या घटाला संध्याकाळच्या तांबूस उन्हात वरचा थर कमी पडतो, त्यामुळे वर्णपटाची निवड इथे साध्या सिलिकॉनपेक्षा जास्त बोचते.

दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या पॅनेलचा प्रश्न आणखी वेगळा. मागून किती ऊन येते हे खालची जमीन, उंची आणि ओळींमधले अंतर यांवर ठरते. तिथेही एक आकडा ठरवावा लागला : पुढून 1000 आणि मागून 135 वॅट प्रति चौरस मीटर. त्यामुळे अशा पॅनेलच्या लेबलवर आता वॅटचे दोन आकडे दिसतात, एक फक्त पुढच्या बाजूचा आणि दुसरा या 135 सकट.