डोंगरावरचं दुर्मिळ झाड: फार जुनं की अगदी नवं?

एखादी वनस्पती जगात फक्त एकाच डोंगरावर सापडते म्हटलं की बहुतेकांच्या तोंडून लगेच निघतं, हे तर जिवंत जीवाश्म असणार. कधी कधी ते खरंही असतं, पण कित्येकदा गोष्ट बरोब्बर उलटी असते, म्हणजे ती वनस्पती एवढ्याशा जागेत आहे कारण ती आत्ताआत्ता तयार झालीये आणि पसरायला तिला वेळच मिळालेला नाही. पहिल्या प्रकाराला पॅलिओएंडेमिक म्हणतात, दुसऱ्याला निओएंडेमिक. एक भरल्या घरातला मागे उरलेला शेवटचा म्हातारा, दुसरा नुकतंच वेगळं बिऱ्हाड केलेला पोरगा. नकाशावर मात्र दोघांचा एकेकच ठिपका दिसतो, त्यामुळे नुसत्या नकाशावरून काहीच ठरवता येत नाही.

ठरतं ते डीएनएवरून. पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांमध्ये वाळवतात, त्यातून डीएनए काढून जवळच्या नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवून बघतात, आणि ज्यांचं वय माहीत आहे अशा जीवाश्मांचा आधार घेऊन वंशवृक्षाची कोणती फांदी साधारण कधी फुटली याचा अंदाज बांधतात.

ऑस्ट्रेलियाच्या ब्लू माउंटन्समध्ये एका खोल घळीत 1994 साली सापडलेलं वोलेमी पाइन घ्या. रानात पूर्ण वाढलेली झाडं शंभराच्याही आत, सगळ्यात जवळचं नातं अगाथिस या वंशाशी, आणि तेही कोट्यवधी वर्षांपूर्वी तुटलेलं. म्हणजे लांबच लांब फांदी आणि तिच्या टोकाला हे एकटंच.

आता दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले ल्युपिन बघा, ही शेंगा येणाऱ्या कुळातली फुलझाडं. कुठे झुडूप, कुठे जमिनीला चिकटलेलं, कुठे लोकरीसारखा भलामोठा तुरा, बघून कोणीही म्हणेल की यांचा एकमेकांशी काही संबंध नसणार, पण 2006 साली आलेल्या अभ्यासात 81 प्रजाती जेमतेम 15 लाख वर्षांच्या आसपास तयार झाल्याचं दिसलं. पर्वत वर आला, उंचावर थंड मोकळ्या जागा तयार झाल्या आणि या मंडळींनी त्या भराभर व्यापल्या. डीएनए इतका सारखा की ओळख पटवायला नेहमी वापरतात ते एक-दोन जीन इथे पुरतच नाहीत, हजारो ठिकाणं तपासावी लागतात. त्यात परत शेजारच्या प्रजातींचा संकर होतो, आणि क्लोरोप्लास्टचा (पेशीतल्या अन्न तयार करणाऱ्या हिरव्या कणांचा) डीएनए बहुतेक फुलझाडांत फक्त आईकडून येतो, त्यामुळे नुसत्या क्लोरोप्लास्टवरून वंशवृक्ष काढला तर खऱ्या नात्याऐवजी शेजार दिसायची शक्यता असते.

अजून एक गल्लत फार होते, वंश जुना म्हणजे प्रजातीही जुनी असं धरून चालतात. सायकॅडचं बघा ना, ताडासारखी दिसणारी ही झाडं डायनासोरच्या काळातली म्हणून प्रसिद्ध, पण 2011 च्या अभ्यासात दिसलं की आजच्या बहुतेक प्रजाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्या आहेत.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हे की आपसात विविधता कमी म्हणजे प्रजाती जुनी असं अजिबात नाही. नातेवाइकांपासूनचं अंतर वेगळं मोजायचं आणि एकाच प्रजातीतल्या झाडाझाडातला फरक वेगळा मोजायचा. वोलेमीची सगळी झाडं जवळपास एकसारखी निघतात, पण ते वयामुळे नाही, मध्ये कधीतरी संख्या फार घटली त्यामुळे. हवाईतल्या मौना केआ डोंगरावरचं सिल्व्हरस्वोर्ड हे चंदेरी पानांचं झाड तर नव्या घराण्यातलं, या घराण्याच्या तीसेक प्रजाती साधारण गेल्या 50 लाख वर्षांत एकाच पूर्वजापासून झाल्या, तरी माणसांनी आणलेल्या मेंढ्या-बकऱ्यांनी ते इतकं खाल्लं की मोजकी झाडं उरली. पुढे शेकडो रोपं परत लावली, पण ती सगळी दोनच मातृझाडांची पिल्लावळ निघाली.

म्हणून उपायही वेगळे लागतात. वोलेमीत सगळी झाडं सारखी, एका रोगाने सगळीच जायची भीती, म्हणून त्याची रोपं दुसरीकडे वाढवून ठेवतात आणि घळीत जाणाऱ्यांच्या बुटांबरोबर फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा, झाडांना रोग लावणारा सूक्ष्मजीव आत येऊ नये याची काळजी घेतात. ल्युपिनसारख्यांचं एखाद-दुसरं झाड बागेत जपून भागत नाही, शेजारपाजारच्या प्रजातींसकट तो अख्खा उतार राखावा लागतो. सिल्व्हरस्वोर्डसाठी लोक रानातल्या उरलेल्या झाडांपर्यंत चढून गेले, त्यांचे पराग आणून लावलेल्या झाडांच्या फुलांवर हाताने घातले आणि त्या बियांपासून नवी रोपं केली.