मॉडेम-पाळतीच्या अफवा

मॉडेम-पाळतीच्या अफवा : टेलिफोन कंपनी मॉडेम (संगणकातील मजकुराचे सुरांत रूपांतर करून तो फोनच्या तारेवरून पाठवणारे उपकरण) वापरणाऱ्या ग्राहकांच्या लाइनी गुपचूप ऐकते, त्यांची यादी ठेवते आणि वेळ येताच जादा आकार लावते किंवा पोलिसांना कळवते, हा समज. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मुख्यतः अमेरिकेतील हौशी संगणकधारकांमध्ये रूढ होता. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिला सार्वजनिक बुलेटिन बोर्ड सुरू केला. घरच्या संगणकावरून फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपले लिहायचे आणि फोन ठेवायचा, असा तो प्रकार. पुढे असे हजारो बोर्ड निघाले आणि अफवाही त्यांवरूनच पसरली. कंपनी ऐकते आहे ही बातमी कंपनीच्याच तारेवरून फिरत होती आणि यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हते.

या संशयाचे मूळ मॉडेमच्याही आधीचे आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी टेलिफोनयंत्र ग्राहकाच्या मालकीचे नसे. ते बेल कंपनीचे असे आणि त्याचे भाडे महिन्याच्या बिलात येई. त्याला बाहेरची वस्तू जोडायला मनाई होती. फोनच्या तोंडाशी बसवायच्या ‘हश-अ-फोन’ नावाच्या साध्या कपासाठीसुद्धा न्यायालयात जावे लागले आणि १९५६ मध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने दुसऱ्यांची उपकरणे जोडण्याचा मार्ग मोकळा झाला, तरी मध्ये कंपनीचीच संरक्षक पेटी भाड्याने घेण्याची अट कंपनीने घातली. म्हणून सुरुवातीची अनेक मॉडेमे तारेला न जोडता रिसिव्हर रबरी वाट्यांत बसवून चालत. त्यांत विजेचा संबंध येत नसे, फक्त आवाज जाई.

घरात चोरून दुसरा फोन जोडला तर कंपनीला तो पकडता येत असे, आणि ही मात्र अफवा नव्हती. घंटीचा प्रवाह मोजला की तारेवर किती घंट्या आहेत याचा अंदाज एक्सचेंजमध्ये बसून बांधता येई. जाणकार लोक त्यावर उपाय म्हणून जादा फोनच्या आतली घंटीच सोडवून ठेवत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाच्या नोंदणी-नियमांनी मॉडेम थेट जोडायची मुभा दिली. पण उपकरणाचा नोंदणी क्रमांक आणि घंटीचा भार कंपनीला कळवावा, असे कलम त्यात होते. ते फारसे कोणी पाळले नाही. नियमाप्रमाणे जे सांगायला हवे होते ते आपण सांगितलेले नाही, ही टोचणी मग घरोघरी राहिली, आणि अफवेला एवढे खत पुरेसे होते.

अफवेचे पाठभेद बरेच होते. एक्सचेंजमध्ये मॉडेमची शीळ ओळखणारे यंत्र बसवले आहे. ती शीळ ऐकू आली की लाइन मुद्दाम तारांच्या खराब जोडीवर टाकतात. ओळीने नंबर फिरवत गेलात तर नोंद होते. एका विशिष्ट नंबरावर फोन लावला की चढत जाणारा सूर ऐकू येतो आणि तो मध्येच तुटला तर तुमचा फोन टॅप झालेला आहे. हा शेवटचा नंबर खरोखर अस्तित्वात असे, मात्र तो लाइन वेगवेगळ्या कंप्रतांना (सुरांच्या उंचीला) कशी वागते हे तपासण्यासाठी होता. टॅपिंगशी त्याचा काही संबंध नव्हता. लाइनवरच्या ‘क्लिक’चेही तसेच. प्रतीक्षेतल्या दुसऱ्या कॉलच्या सूचनेने मॉडेमचा दुवा तुटे, ओल धरलेल्या जोडणीने खरखर येई आणि वापरणाऱ्याला मात्र कोणीतरी कान लावून बसल्यासारखे वाटे. आपल्याकडे ज्यांनी क्रॉस कनेक्शनच्या काळात फोन वापरला, त्यांना हे वाटणे समजावून सांगावे लागणार नाही. प्रत्यक्षात एक्सचेंजमधून केलेले टॅपिंग असा आवाज करून आपली जाहिरात करत नाही.

दुरुस्ती विभागाकडे तक्रार करताना मॉडेमचे नाव काढू नका, ‘बोलणे नीट ऐकू येत नाही’ एवढेच सांगा, हा सल्ला मात्र व्यवहाराला धरून होता. घरगुती लाइनवर कंपनी फक्त बोलण्यापुरती हमी देत असे. मॉडेमचा वेग पडतो ही तक्रार त्या हमीत बसत नसे. काही वस्त्यांत तांब्याची जोडी कमी पडे म्हणून एकाच जोडीवर उपकरण लावून दोन ग्राहक चालवत, आणि तेथे १९९० च्या दशकातल्या ५६ किलोबिटच्या मॉडेमचा वेग निम्म्याच्या आसपास येई. ही काटकसर होती. ग्राहकाला ती शिक्षा वाटे.

शीळ ओळखणारे यंत्र होते का? होते, पण भलत्याच कामासाठी. लांब पल्ल्याच्या लाइनवर बोलणाऱ्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून प्रतिध्वनी-रोधक बसवलेले असत. एक बाजू बोलत असताना ते दुसरी बाजू दाबून टाकत. माणसांना याचा त्रास होत नाही, पण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणाऱ्या मॉडेमांचे सगळे कामच थांबते. म्हणून उत्तर देणारे मॉडेम सुरुवातीला एक लांब सूर काढते. आंतरराष्ट्रीय मानकात तो २,१०० हर्ट्‌झचा आहे. बेलच्या ३०० बिट वेगाच्या जुन्या मॉडेमात तो २,२२५ हर्ट्‌झचा होता. हा सूर ऐकताच रोधक बाजूला होतो. समुद्रतळाच्या केबलींवर तर बोलणे आणि डेटा वेगळे ओळखून डेटाला जास्त जागा देणारी उपकरणे होती. मॉडेमचा पहिला सूर कंपनीच्या यंत्राने ऐकावा यासाठीच होता आणि ते मानकात छापलेले होते. या यंत्रांना ग्राहकाचे नाव ठाऊक नसे आणि ते कोठे नोंदवलेही जात नसे.

मजकूर चोरून वाचण्याचे म्हणाल तर ३०० बिटच्या मॉडेमचा आवाज ध्वनिफितीवर घेऊन नंतर उलगडता येई. पुढे १९८४ च्या ‘व्ही.३२’ मानकापासून दोन्ही बाजू एकच कंप्रतापट्टा वापरू लागल्या. प्रत्येक मॉडेम आपलाच आवाज वजा करून समोरच्याचा ऐकते. मधल्या तिसऱ्याकडे वजा करायला काही नसते, त्यामुळे त्याचे काम पुष्कळ अवघड होते. पाळतीची भीती वाढत होती त्याच काळात ऐकणे कठीण होत चालले होते.

एवढ्यावरून कंपनी निरागस होती असे कोणी समजू नये. फुकट लांब पल्ल्याचे फोन करणाऱ्यांना पकडण्यासाठी बेल कंपनीची मालक असलेल्या एटी अँड टीने १९६४ ते १९७० या काळात ‘ग्रीनस्टार’ नावाची गुप्त योजना चालवली. निवडक शहरांतले सुमारे ३.३ कोटी कॉल त्या यंत्रणेखालून गेले आणि त्यांपैकी १५ ते १८ लाख कॉलांचा काही भाग ध्वनिमुद्रित झाला. १९७५ मध्ये सेंट लुईसच्या एका वृत्तपत्राने हे उघडकीस आणले. पहिले बुलेटिन बोर्ड निघाले तेव्हा ही बातमी जेमतेम तीन वर्षांची होती. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्मिथ विरुद्ध मेरीलँड’ खटल्यात म्हटले की, फिरवलेला नंबर ग्राहक आपण होऊन कंपनीला देतो, त्यामुळे तो टिपायला झडतीच्या वॉरंटची गरज नाही. १९८६ च्या कायद्याने न्यायालयाचा आदेश आवश्यक केला, पण स्वतःच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी कंपनीला सवलत ठेवली. चोरलेल्या कॉलिंग कार्डांचे (ज्यांच्या क्रमांकावर फोनचे बिल लावता येई) आकडे बोर्डांवर सर्रास वाटले जात असल्याने ही सवलत वापरण्याचे कारण कंपन्यांना आयतेच मिळाले.

मे १९९० मधील ‘ऑपरेशन सनडेव्हिल’मध्ये अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने डझनभराहून अधिक शहरांत छापे घालून चाळीसहून जास्त संगणक आणि सुमारे २३,००० फ्लॉपी नेल्या. त्याच वर्षी आणीबाणी-सेवेचा एक दस्तऐवज प्रसिद्ध केल्याबद्दल एका विद्यार्थ्यावर खटला भरला गेला. टेलिफोन कंपनीने त्या दस्तऐवजाची किंमत ७९,४४९ डॉलर सांगितली होती. तशीच माहिती १३ डॉलरांत टपालाने मिळते हे न्यायालयात निघाले आणि जुलैमध्ये सरकारने खटला सोडला. नागरी हक्कांसाठीची इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था त्याच महिन्यात स्थापन झाली. या प्रकरणांनंतर अफवेला ‘अफवा’ म्हणणारे लोक कमी झाले.

पश्चिम जर्मनीत टपाल खात्याची मान्यता नसलेले मॉडेम जोडणे हा फौजदारी गुन्हाच होता. हँबर्गच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने शौचालयाच्या पाइपांची रबरी वायसरे वापरून घरगुती जोडयंत्र बनवले आणि त्याचे नावही शौचालयावरूनच ठेवले. भारतात टेलिफोन सरकारचाच होता. मुंबईत १९८६ पासून महानगर टेलिफोन निगम आले, पण टॅपिंगचा अधिकार १८८५ च्या तार अधिनियमातूनच येत होता. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, आणि फोन टॅपिंग म्हणजे खाजगीपणाच्या हक्कावरचे आक्रमण आहे असे सांगून त्यासाठीची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ ला घालून दिली. म्हणजे मुंबईच्या पहिल्या इंटरनेट ग्राहकांनी सव्वा वर्षाहून अधिक काळ या चौकटीशिवायच मॉडेम चालवले.

पाळतीच्या अफवेला सर्वांत जास्त बळ मिळाले ते ‘मॉडेम-करा’मुळे. १९८७ मध्ये दळणवळण आयोगाने माहितीसेवा कंपन्यांची प्रवेश-आकारातील (स्थानिक टेलिफोन जाळे वापरण्याबद्दलच्या आकारातील) सूट काढण्याचा प्रस्ताव मांडला. ग्राहकाला ताशी सुमारे पाच डॉलर जादा पडतील असा अंदाज होता. प्रस्ताव घरगुती मॉडेमांवर कर लावण्याचा नव्हता, पण बोर्डांवर तो तसाच वाचला गेला. कर लावायचा तर मॉडेम कोणाकडे आहे हे आधी शोधावे लागणार, हा तर्कही ओघाने आला. पत्रांचा पाऊस पडला आणि १९८८ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. तरी ‘त्वरित पत्र लिहा’ हा निरोप पुढे कित्येक वर्षे तसाच फिरत राहिला, आणि आयोगाला पुन्हापुन्हा खुलासे करावे लागले. १९९९ मध्ये त्याच साच्यातला नवा निरोप निघाला. ‘६०२-पी’ क्रमांकाच्या विधेयकाने प्रत्येक ई-मेलवर पाच सेंट टपाल आकारणार, असे त्यात होते. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेट निवडणुकीच्या वादविवादात हिलरी क्लिंटन आणि रिक लाझियो यांना या विधेयकाबद्दल विचारण्यात आले. दोघांनीही त्याला विरोध केला. असे विधेयक मुळात नव्हतेच.