प्रपोज करणार असाल तर शहरं ठरवण्याआधी सांगा

पॅरिस, इंटरलाकन (स्वित्झर्लंड), व्हेनिस या मार्गानं जोडीनं जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

युरोपचं पॅकेज म्हणजे काय, व्हिसाला कोणते कागद लागतात, हे आता बहुतेकांना माहीत असतं. बरेच जण सगळं वाचूनच ऑफिसात येतात. त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. एकच गोष्ट दर सीझनला होते आणि तिच्यापायी तुमचेही दिवस जातात, आमचेही. तेवढ्यासाठी हे पत्रक काढलं आहे.

तुम्ही येता, तारखा सांगता, बजेट सांगता. आपण बसून नऊ रात्रींचा कार्यक्रम आखतो: पॅरिस चार, इंटरलाकन तीन, व्हेनिस दोन. हॉटेलं धरली जातात, व्हिसाची अपॉइंटमेंट मिळते, फाइल तयार होते. आणि निघायला पाच-सहा आठवडे राहिले की रात्री साडेनऊला फोन येतो. आवाज दबका, बहुतेक गच्चीवरून. "ताई, एक सांगायचं राहिलं होतं. मी तिला तिथे प्रपोज करणार आहे. व्हेनिसला. तिथे दोन रात्री वाढवता येतील का?"

बातमी ऐकून आम्हाला मनापासून आनंद होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाइल पहिल्या पानापासून उघडावी लागते. का, ते सांगते.

शेंगेन व्हिसाचा (ज्या एका व्हिसावर युरोपातले बरेच देश फिरता येतात त्याचा) अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त राहणार त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. वरच्या कार्यक्रमात पॅरिसच्या चार रात्री होत्या म्हणून अर्ज फ्रान्सकडे. आता व्हेनिस चार झालं, पॅरिस तीन, इंटरलाकन दोन. म्हणजे अर्ज इटलीकडे. फॉर्म वेगळा, कव्हर लेटर नवं, हॉटेलची व्हाउचर्स नवी आणि मुख्य म्हणजे अपॉइंटमेंट नवी. एप्रिल-मेमध्ये स्लॉट मिळवताना आमची मुलं सकाळपासून स्क्रीनसमोर बसलेली असतात. हातातला स्लॉट सोडून दुसरा शोधायचा म्हणजे कधी आठवडा जातो, कधी दोन. अर्जाचा निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण नियमाप्रमाणे तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. पाच आठवडे उरलेले असताना हे गणित बसत नाही.

"व्हिसा फ्रान्सचाच घेऊ आणि राहू इटलीत" असं कुणीतरी सुचवतंच. आम्ही ते करत नाही. व्हिसा मिळाल्यावर एखादी रात्र इकडची तिकडे झाली तर बिघडत नाही. पण मुळात एक कार्यक्रम दाखवायचा आणि दुसरा करायचा, याचा जाब विमानतळावर किंवा पुढच्या अर्जाच्या वेळी तुम्हालाच द्यावा लागतो. यामुळे आमचे काही ग्राहक दुसरीकडे गेले आहेत, तरी आमचा नियम तोच आहे.

म्हणून विनंती एवढीच की प्रपोज करायचं मनात असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. जागा ठरलेली नसली तरी चालेल, अंगठी घेतलेली नसली तरी चालेल. तो एक दिवस आधी कागदावर मांडायचा आणि बाकीची शहरं त्याच्या भोवती बसवायची. उलट केलं की सगळं उसवावं लागतं.

दिवस कोणता?

बरेच जण शेवटची रात्र मागतात. कळस शेवटी असावा असं वाटणं स्वाभाविक आहे. आमचा अनुभव मात्र सांगतो की तिसरा किंवा चौथा दिवस धरावा. पहिल्या दोन दिवसांत झोपेची घडी बसलेली नसते. शेवटच्या दिवशी पाऊस लागला, गाडी चुकली, कुणाचं पोट बिघडलं तर हातात दुसरी संध्याकाळ नसते. शिवाय होकार आल्यानंतरचे दिवस हे या सगळ्या प्रवासातले सर्वांत सुंदर दिवस असतात, ते तुम्हाला एकत्र मिळायला हवेत. परतून आलेल्या जोड्या आम्हाला त्याच दिवसांचे फोटो दाखवतात. नुसतं तळ्याकाठी बसलेले, स्टेशनवर कॉफी पिताना काढलेले.

पॅरिसला करणार असाल तर घड्याळाकडे नीट बघा. आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो, आणि त्या पाच मिनिटांत गुडघ्यावर बसायचं हे सगळ्यांच्या मनात असतं. पण जूनमध्ये पॅरिसला सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आमचा एक ग्राहक आठचं जेवण उरकून नऊच्या ठोक्याला टॉवरसमोरच्या ट्रोकादेरोच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. तिथून त्याचा फोन आला, "ताई, इथे लख्ख ऊन आहे." लुकलुकणं दिसायला त्याला अकरा वाजले. दोन तास अंगठी खिशात, हात खिशावर, आणि ती बिचारी विचारतेय की तुझी तब्येत बरी आहे ना. ते तिकीट आणि हॉटेल त्यानं स्वतः बुक केलं होतं, आमच्याकडून फक्त व्हिसा घेतला होता. पण ही गोष्ट मला फार लागली, आणि तेव्हापासून प्रत्येक शहराच्या कार्यक्रमात आम्ही त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ छापतो.

आमचं मत विचाराल तर गणपती झाले की निघा. सप्टेंबरच्या शेवटी पॅरिसला पावणेआठच्या आसपास सूर्य मावळतो, नऊचं लुकलुकणं आरामात मिळतं, उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते आणि व्हिसाचे स्लॉटही तुलनेनं सुटसुटीत मिळतात. डिसेंबरमध्ये पाचलाच अंधार पडतो हे खरं, पण ऑक्टोबर ते जानेवारी व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी चढण्याचे दिवस असतात. 2020 पासून तिथले समुद्रदरवाजे मोठी भरती अडवतात, तरी सॅन मार्को चौक सखल आहे. नवे बूट भिजवायचे नसतील तर हा विचार करा.

आयफेलच्या वर जाऊन प्रपोज करायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. माथ्यावरची तिकिटं आधीच घेऊन ठेवा, आयत्या वेळी मिळतील या भरवशावर जाऊ नका. आणि खाली बॅगांची तपासणी होते, काचेची बाटली नेता येत नाही. अंगठीची डबी बॅगेत असेल तर ती तिच्यासमोर उघडली जाऊ शकते. आम्ही त्याऐवजी बीर-हाकेम पूल किंवा अलेक्सांद्र तिसरा पूल सुचवतो. तिकीट नाही, तपासणी नाही, टॉवर समोर. कुलूप मात्र नेऊ नका. पाँ दे झार पुलावर प्रेमाची कुलपं लावण्याची प्रथा होती, पण त्यांच्या वजनानं 2014 मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला आणि 2015 मध्ये नगरपालिकेनं सुमारे 45 टन कुलपं काढून टाकली.

इंटरलाकनहून युंगफ्राउयोखला जाऊन बर्फात प्रपोज करायची कल्पना पुष्कळांना आवडते. ते डोंगरावरचं रेल्वे स्टेशन 3454 मीटरवर आहे. हवा विरळ, हातात मोजे, आणि थंडीनं बोटं बारीक होतात. घरी घट्ट बसणारी अंगठी तिथे सैल होते आणि बर्फात पडली तर सापडणं कठीण. वर ढग असले तर समोरचा माणूससुद्धा धूसर दिसतो. वर जरूर जा, सकाळी वेबकॅमवर आकाश बघूनच तिकीट काढा, पण अंगठी खाली द्या. लाउटरब्रुनेनच्या दरीत श्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ 300 मीटरवरून पडतो, त्याचे तुषार वाऱ्यानं पसरतात, गावातून चालत त्याच्या पायथ्याशी जाता येतं. नाहीतर ब्रिएन्झच्या तळ्यावरची बोट. पाण्याचा रंग बघून माणूस आपोआप गप्प होतो.

व्हेनिसच्या गोंडोल्याचे दर ठरलेले आहेत: दिवसा 30 मिनिटांना 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांना 110 युरो. हे पूर्ण नावेचे आहेत, माणशी नाहीत. गोंडोल्यात उभं राहू नका आणि गुडघ्यावरही बसू नका, नाव कलते. शेजारी बसूनच अंगठी घाला. मला स्वतःला तिथली पहाट जास्त आवडते. सहा-साडेसहाला अकादेमियाच्या लाकडी पुलावर फारसं कुणी नसतं, समोर सालूते चर्चचा घुमट आणि खाली एखादी भाजीची नाव. हॉटेल रेल्वे स्टेशनजवळ किंवा वापोरेत्तोच्या (पाण्यावरच्या बसच्या) थांब्याजवळ घ्या, कारण व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. चाकांची बॅग तिथे उचलूनच न्यावी लागते.

अंगठी

चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका. हातातल्या बॅगेत, आतल्या कप्प्यात, साध्या कापडी पिशवीत ठेवा. रिकामी डबी मोठ्या बॅगेत मोज्यांमध्ये जाऊ दे. लक्षात येते ती डबी. आपल्या विमानतळावर बायकांची अंगझडती पडद्याआड वेगळी होते, त्याचा फायदा घ्या: आपली बॅग तिच्या ट्रेपासून थोडी लांब ठेवा, आणि बॅग उघडायला सांगितलीच तर तिथल्या जवानाला हळूच सांगा. आमच्या एका ग्राहकाला त्या जवानानं हसून "ऑल द बेस्ट" म्हटलं होतं.

अंगठी किमती असेल तर खरेदीचं बिल आणि हिऱ्याचं प्रमाणपत्र फोनमध्ये आणि कागदावर दोन्ही ठेवा. जाताना विमानतळावरच्या कस्टम्सच्या काउंटरवर तिची नोंद करून दाखला घेता येतो. परत येताना ती बोटात असेल आणि कुणी विचारलं तर हा दाखला कामाला येतो. त्यासाठी तासभर आधी पोचा. पॅरिसमध्ये पाठीमागच्या खिशात काही ठेवू नका, आणि साक्रे-कर चर्चहून उतरताना कुणी मनगटाला दोरा बांधायला आला तर हात खिशात घालून सरळ चालत राहा.

दोघांचे कागद वेगळे

लग्न झालेलं नसल्यानं दोघांच्या दोन स्वतंत्र फाइली होतात. प्रत्येकाचं बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र, 30,000 युरोंचा विमा. फी प्रौढांना 90 युरो. कार्यक्रम मात्र दोघांचा एकच जोडावा लागतो, म्हणजे ती तो वाचणारच. यासाठी आम्ही दोन प्रती करतो. एक दोघांसाठी, तीत "संध्याकाळ मोकळी" एवढंच लिहिलेलं असतं. दुसरी फक्त तुम्हाला, तीत फोटोग्राफर कुठे उभा असेल, त्याच्या अंगात काय असेल, टेबल कोणतं, शाकाहारी जेवणाचं काय सांगितलंय, हे सगळं. बोलणं वेगळ्या नंबरवर होतं, दोघांच्या ग्रुपवर नाही. पूर्वी एकदा आमच्याच मुलीनं चुकून ग्रुपवर फुलांचं बिल टाकलं होतं. त्या ग्राहकानं मोठ्या मनानं माफ केलं, पण आम्ही ती पद्धत त्याच दिवशी बदलली.

दोघांचे व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारी तिकिटं काढू नका. एकाचा आला आणि एकाचा लांबला, असं होतं. विमान पॅरिसला उतरणारं आणि व्हेनिसहून परतणारं घ्यावं. पॅरिसला परत जाण्यात पूर्ण दिवस आणि दोन तिकिटं जातात.

आणि घरच्यांना फोन कधी करायचा, हेही आधी ठरवा. उन्हाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथे रात्रीचे अकरा म्हणजे सांगलीत पहाटेचे अडीच. तेव्हा फोन वाजला की आईला आधी धडकीच भरते. तुम्ही सकाळी उठून नाश्त्याआधी लावा, तेव्हा घरी दुपारचं जेवण व्हायचं असतं आणि सगळे एका खोलीत सापडतात.

आमचं नियोजन शुल्क 5,000 रुपये आहे, पॅकेज घेतलं की ते त्यात वळतं होतं. ते आधी का, असं विचारलं जातं. या कामात तिकिटांपेक्षा वेळ जास्त जातो: सूर्यास्त, गाड्यांच्या वेळा, टेबल, पाऊस आला तर दुसरी जागा. ते काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

पहिल्या भेटीला एकटे या. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो, रजेच्या तारखा आणि जमल्यास तिची किंवा त्याची रोजच्या वापरातली एखादी अंगठी अर्ध्या दिवसासाठी घेऊन या. माप आम्ही शेजारच्या सराफाकडून लगेच काढून देतो, संध्याकाळपर्यंत ती जागच्या जागी ठेवता येते.