पार्श्वभूमी: शब्दकोड्यावर जुगाराचा शिक्का कसा बसला

शब्दकोड्याचा इतिहास म्हटलं की सगळे १९१३ पासून सुरू करतात, तेव्हा ते आधी उरकून टाकू. २१ डिसेंबर १९१३, रविवार, न्यूयॉर्कच्या एका पेपरची नाताळची पुरवणी, आणि मूळचा लिव्हरपूलचा एक पत्रकार, ज्याला पान भरायला काहीतरी हवं होतं. त्याने शंकरपाळ्याच्या आकाराचं, मध्ये भोक असलेलं कोडं छापलं आणि त्याला नाव दिलं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छापखान्यात शब्द उलटेपालटे झाले आणि ते 'क्रॉस-वर्ड' झालं, ते कायमचंच. म्हणजे ज्या खेळात एक अक्षर चुकलं तर सगळं बोंबलतं त्याचं नावच छपाईच्या चुकीतून आलंय. १९२४ मध्ये कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं, सोबत पेन्सिल बांधून, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्याच एका भारदस्त पेपरने अग्रलेख लिहून हा वेळेचा पापी अपव्यय आहे असं सुनावलं. त्याच पेपरने १९४२ मध्ये, युद्धाच्या बातम्यांनी लोक हैराण झालेले असताना, गुपचूप स्वतःचं कोडं सुरू केलं. आता तेच जगातलं सगळ्यात मानाचं कोडं समजलं जातं.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त मजेशीर आहे, कारण आपल्याकडे कोड्याला वेळेचा अपव्यय वगैरे सौम्य शिव्या मिळाल्या नाहीत, थेट जुगार म्हणून सुप्रीम कोर्टात उभं केलं गेलं.

हे समजायला आधी बक्षिसाचं कोडं काय प्रकार होता ते डोळ्यांपुढे आणायला हवं, कारण आज आपण सकाळी चहाबरोबर सोडवतो ते कोडं आणि ते कोडं यांचा संबंध सख्ख्या भावांपेक्षा चुलत-मावस पातळीवरचा आहे. मुंबई प्रांतात बक्षीस स्पर्धांवर कर लावणारा कायदा १९३९ मध्येच होता, आता सरकार कर लावायला कधी धावतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे धंदा तेव्हाच बाळसेदार असणार. पेपरमध्ये चौकोन छापायचे, खाली कूपन, कूपनसोबत प्रवेश फी भरायची, आणि बरोबर उत्तर आधीच लिहून सीलबंद ठेवलेलं. तुमचं उत्तर त्या पाकिटातल्या उत्तराशी जुळलं की बक्षीस.

गोम त्या 'जुळलं'मध्ये आहे. रोजच्या कोड्यात 'हत्ती, २ अक्षरं' म्हटलं की गज, विषय संपला. बक्षिसाच्या कोड्यात सूचना मुद्दाम अशी की दोन-तीन शब्द सारखेच बसतात. उदाहरण मीच बनवतो: 'हे नसेल तर संसारात गोडी राहत नाही', आणि चौकोनात दुसरं अक्षर 'न' छापलेलं. आता मन लिहा नाहीतर धन लिहा, दोन्ही बरोबर आहे, दोन्हीवर कीर्तन होऊ शकतं. पण पाकिटात एकच आहे. म्हणजे तुम्ही शब्द शोधत नव्हता, पाकीट बंद करणाऱ्याच्या मनात काय आलं असेल ते ताडत होता.

आणि अशी जागा एक नसायची. समजा एका कोड्यात अशा दुहेरी जागा दहा असल्या तर सगळ्या शक्यता भरायला १०२४ प्रवेशिका लागतात (दोनाचा दहावा घात, शाळेतलं गणित). एका प्रवेशिकेला चार आणे धरले तर २५६ रुपये होतात, त्या काळचे. तेवढे कोण घालणार, मग लोक दहा-वीस कूपनं भरायचे आणि बाकीचं नशिबावर, आणि पुढच्या आठवड्यात 'एकाच शब्दाने हुकलं हो' म्हणत परत. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण लॉटरी घेतोय, इथे माणसाला वाटायचं की आपली भाषा कच्ची पडली. हा भाग मला सगळ्यात वाईट वाटतो.

१९३९ च्या कायद्याच्या जागी १९४८ मध्ये मुंबई सरकारने लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांचं नियंत्रण करणारा आणि त्यांच्यावर कर लावणारा नवा कायदा आणला. त्यावर तोड काय, तर पेपर राज्याबाहेर छापायचा. एक साप्ताहिक बंगळूरला छापलं जायचं, त्यात कोडी यायची, आणि ती भरणारे लोक मोठ्या संख्येने मुंबई राज्यातले, कूपनं आणि पैसे गोळा करायची व्यवस्थासुद्धा इथेच. मग सरकारने १९५२ मध्ये दुरुस्ती करून बाहेर छापलेले पेपरही कायद्याच्या कक्षेत ओढले. कोडेवाले हायकोर्टात गेले, म्हणाले आम्ही व्यापार करतोय, घटनेने धंद्याचं स्वातंत्र्य दिलंय, आणि पेपर म्हैसूर राज्यात छापतो तर मुंबईचा काय संबंध. हायकोर्टात ते जिंकले. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.

हे चालू असतानाच केंद्राने १९५५ मध्ये वेगळा बक्षीस स्पर्धा कायदा केला, मुंबईसकट काही राज्यांनी ठराव करून संसदेला सांगितलं की हे तुम्हीच बघा. १ एप्रिल १९५६ पासून तो लागू झाला. त्यात म्हटलं की महिन्याला एकूण बक्षिसं १००० रुपयांच्या वर नकोत, एका स्पर्धेत प्रवेशिका २००० च्या वर नकोत, आणि एवढं छोटं करायचं तरी लायसन घ्या. म्हणजे बंदी न म्हणता बंदीच. लाखांचा खेळ हजारात कोण करणार.

आता खरी भानगड, व्याख्येची. या कायद्यात 'बक्षीस स्पर्धा' म्हणजे काय, तर शब्दकोडं म्हणा, गाळलेला शब्द म्हणा, चित्रस्पर्धा म्हणा की आणखी कुठलं नाव द्या, अक्षरं, शब्द किंवा आकडे यांची जुळणी, मांडणी, फेरफार यावर आधारलेलं कुठलंही कोडं सोडवण्यासाठी बक्षीस ठेवलं की झाली बक्षीस स्पर्धा. परत वाचा. यात जुगार हा शब्द कुठेच नाही. नशीब नाही, अंदाज नाही, पाकीट नाही. एखाद्या वाचनालयाने गणेशोत्सवात अगदी सरळ, एकच उत्तर असलेलं, व्याकरणाचा कस लावणारं कोडं ठेवलं आणि पहिल्या येणाऱ्याला पेन दिलं तरी शब्दशः ते यात बसतं. कोडेवाल्यांनी हाच मुद्दा उचलला. त्यांचं म्हणणं, कायदा बुद्धीच्या आणि नशिबाच्या दोन्ही स्पर्धांना एकाच दावणीला बांधतो, बुद्धीच्या स्पर्धेवर १००० रुपयांची मर्यादा घालणं गैरवाजवी आहे, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत म्हणून अख्खा कायदाच रद्द करा. वकिली चाल होती हे उघड आहे, स्वतः नशिबाचा खेळ चालवायचा आणि कोर्टात बुद्धीच्या खेळाच्या मागे लपायचं, पण मुद्दा म्हणून चोख होता.

९ एप्रिल १९५७ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी दोन्ही प्रकरणांचे निकाल एकाच दिवशी दिले. मुंबईच्या प्रकरणात सांगितलं की जुगार हा व्यापारच नाही, तेव्हा व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळत नाही, आणि कूपनं-पैसे मुंबईत गोळा होतात एवढा संबंध मुंबईच्या कायद्याला पुरे. हे सांगताना निकालात ऋग्वेदातलं जुगाऱ्याचं सूक्त आलंय, मनू आणि याज्ञवल्क्य आलेत, आणि द्यूतात राज्य घालवून बसलेले पांडवसुद्धा आलेत. शब्दकोड्याच्या केसमध्ये शकुनीचे फासे. मला हे वाचून पहिल्यांदा हसूच आलं होतं, पण मग ते १०२४ प्रवेशिकांचं गणित आठवलं आणि वाटलं की तुलना तितकीशी लांबची नाही.

दुसरा निकाल, केंद्राच्या कायद्याचा, त्यावरच माझं खरं बोट आहे. कोर्टाने म्हटलं की व्याख्या शब्दशः घेतली तर बुद्धीच्या स्पर्धाही येतात हे खरं, पण हा कायदा कुठल्या दुखण्यावर आणला ते बघा, संसदेला जुगारच रोखायचा होता, म्हणून व्याख्येत 'जुगारी स्वरूपाची' हे शब्द आहेत असं समजून वाचायचं. आणि वरून, तसं नसतं तरी दोन प्रकार वेगळे काढता येतातच. ज्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा या कायद्याच्या बाहेर.

निकालाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एका वाक्याच्या ढिलाईपायी चांगला कायदा उडवला असता तर उद्या परत तीच दुकानं उघडली असती, कोर्टाने समंजसपणा दाखवला. विरोधातलं म्हणणं असं की कायद्यात नसलेला शब्द कोर्टाने घालून वाचायचा आणि संसदेचं गचाळ लिखाण दुरुस्त करून द्यायचं, मग संसद नीट लिहील कशाला? मी स्वतः निकाल योग्य मानतो पण व्याख्या अजिबात नाही. कारण कोड्याची जात ठरवताना 'अक्षरांची जुळणी' हे लक्षण धरलं गेलं आणि 'उत्तर सूचनेवरून निघतं का' हा खरा प्रश्न कायद्याच्या मजकुरात आलाच नाही. तो कोर्टाला बाहेरून आणावा लागला.

पुढची गंमत म्हणजे कोड्यासाठी आखलेली ही रेघ नंतर भलत्याच लोकांच्या कामी आली. १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत ठरली, आणि २०१७ पासून निरनिराळ्या हायकोर्टांत मोबाइलवरचं फॅन्टसी क्रिकेट. शर्यतीच्या निकालापासून पुढे आधार कशाचा, तर १९५७ च्या कोड्याच्या निकालाचा. शब्दकोडं बिचारं पेपरच्या कोपऱ्यात, बक्षिसाशिवाय, आणि त्याच्या नावावर पत्ते पिसले जातायत.

बक्षिसाच्या कोड्याचा धंदा या दोन निकालांनंतर आटला आणि राहिलं ते फुकटचं रोजचं कोडं, उत्तर उद्याच्या अंकात. त्याचं स्वतःचं एक दुखणं मात्र मराठीत आहेच. इंग्रजीत एका चौकोनात एक लेटर, संपलं. आपल्याकडे चौकोनात अक्षर, म्हणजे मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षरासकट, 'स्त्री' एका चौकोनात. मग आडवा शब्द 'कवी' आणि उभा 'कविता' एकाच चौकोनात भेटले की वेलांटी कुठली? १९६२ चे लेखनाचे नियम आले तेव्हा शब्दाच्या शेवटी दीर्घ झाली, रवि-कवि-बुद्धि यांचे रवी-कवी-बुद्धी झाले, पण समासात आधी आले तर कविवर्य, बुद्धिवैभव ऱ्हस्वच, आणि 'आणि' तर शेवटी असूनही ऱ्हस्व. त्याआधीच्या कोड्यात नांव, गांव अनुस्वारासकट. १९७२ मध्ये आणखी चार नियम जोडले गेले. त्यामुळे बहुतेक कोडी करणारे आणि सोडवणारे यांच्यात एक न बोललेला करार आहे की छेदाच्या चौकोनात ऱ्हस्व-दीर्घ माफ. 'चिमा काय कामाची' हे उलटसुलट सारखं वाचता येतं असं आपण पोरांना सांगतो ना, तिथेही हीच माफी आहे, पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. नवजीवन मात्र चोख उलटतं, एक पैसा माफी न मागता. (आमच्या आईला ही माफी मान्य नाही, ती अशा चौकोनात दोन्ही वेलांट्या काढते आणि पानाच्या कडेला 'चूक' असं लिहून ठेवते, कोणासाठी ते देव जाणे.)

तो करार कागदावर चालला. २००५ च्या सुमारास सुडोकू आलं आणि कोड्याच्या शेजारची जागा पटकावली, त्याला ना वेलांटी ना भाषा. मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी पेपर येणं थांबलं आणि बऱ्याच जणांनी पहिल्यांदा स्क्रीनवर कोडं सोडवून बघितलं, तिथे कळलं की कॉम्प्युटरला अक्षर म्हणजे काय हे ठाऊकच नाही. आपल्यासाठी एक असलेली 'स्त्री' त्याच्यासाठी सहा तुकडे आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वरची वेलांटी. हे बांधून एका चौकोनात बसवायला वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो, आणि तो 'वि' आणि 'वी' यांना कागदावरच्या पेन्सिलीसारखं माफ करत नाही, सरळ लाल करतो. २०२२ मध्ये वर्डलचं (लपलेला शब्द ओळखायचा आणि कुठलं अक्षर बरोबर ते चौकोनाच्या रंगावरून कळायचं, असा ऑनलाइन खेळ) वेड आलं तेव्हा मराठीत तसं करून बघणाऱ्यांना आधी हेच ठरवावं लागलं की अक्षर बरोबर पण वेलांटी चूक असेल तर रंग कुठला द्यायचा.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. त्यात पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळाची व्याख्या करताना स्पष्टच लिहिलंय की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, फरक पडत नाही. १९५५ च्या मसुद्यात जी गोष्ट ढिलाईने राहून गेली होती ती या वेळी मुद्दाम लिहून टाकली, म्हणजे कोर्टाला मध्ये शब्द घालायला फटच ठेवली नाही. निशाणा रमी आणि फॅन्टसी क्रिकेटवर आहे हे उघड आहे. पण वाचून बघितलं तर उद्या कोणी ॲपवर दहा रुपये फी घेऊन, रोख बक्षीस लावून, अगदी सरळ 'हत्ती, २ अक्षरं' छापाचं कोडं ठेवलं तरी ते याच व्याख्येत जाऊन बसेल असं मला दिसतं.