फॅमिकॉम

जपानमधील क्योटो येथील निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आणलेला, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याचा आणि कॅसेट बदलून खेळ बदलता येणारा आठ-बिट व्हिडिओ गेम. त्याचे पूर्ण नाव फॅमिली कॉम्प्युटर. अमेरिकेत तो १९८५ साली निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम या नावाने वेगळ्या पेटीत आला. मूळ जपानी संच सांगली-सातारा भागात क्वचितच कोणी पाहिला असेल. परंतु १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे या दोन जिल्ह्यांत नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हटले की जे यंत्र डोळ्यांसमोर येई, ते बहुतांशी फॅमिकॉमचीच तैवान वा चीनमध्ये बनलेली प्रतिकृती असे. मारिओ, कॉन्ट्रा आणि बंदुकीने बदके मारण्याचा खेळ आपल्याकडे पोचले ते याच यंत्रावरून.

इतिहास : निन्टेंडो ही १८८९ साली सुरू झालेली, खेळण्याचे पत्ते बनवणारी कंपनी. तिचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी १९८१ मध्ये घरगुती यंत्राचे काम मासायुकी उएमुरा या अभियंत्याकडे सोपवले. नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरचा ‘डाँकी काँग’ घरच्या टीव्हीवर जवळपास तसाच दिसावा आणि तरीही किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहावी, ही त्यामागची अपेक्षा होती. संच १४,८०० येनला बाजारात आला. सुरुवातीचे काही संच खेळता खेळता बंद पडत, म्हणून कंपनीने ते परत मागवून त्यांचे मुख्य सर्किट बदलून दिले. व्हिडिओ गेमच्या धंद्यात आलेल्या १९८३ च्या मंदीत अमेरिकी दुकानदारांचा व्हिडिओ गेमवरचा विश्वास उडाला होता. त्यामुळे तेथील संचात, कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट चालू नये यासाठी कुलपासारखे काम करणारी एक चिप बसवण्यात आली. जपानी संचात अशी चिप नव्हती, आणि पुढे प्रतिकृती बनवणाऱ्यांनी जपानी संचाचीच कॅसेट बसवण्याची ६० पिनांची खाच उचलली. मूळ यंत्राचे उत्पादन जपानमध्ये २००३ पर्यंत चालू राहिले आणि जगभरात त्याचे सुमारे ६ कोटी १९ लाख संच विकले गेले.

रचना : यंत्राचा मेंदू म्हणजे रिको कंपनीने बनवलेली २ए०३ ही चिप. ६५०२ या त्या काळच्या स्वस्त आणि लोकप्रिय प्रोसेसरचा गाभा तिच्यात असून तो सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांच्या गतीने चालतो. आवाज निर्माण करणारा भागही याच चिपमध्ये आहे : चौकोनी लहरींचे दोन स्वर, त्रिकोणी लहरीचा एक, खरखरीचा एक आणि ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा एक, असे एकूण पाच मार्ग. कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट आहे.

चित्र काढण्याचे काम प्रोसेसर करीत नाही. त्यासाठी वेगळी चिप आहे आणि फॅमिकॉमचे खरे कौशल्य तिच्यात दिसते. २५६ × २४० ठिपक्यांचा पडदा ठिपक्याठिपक्याने साठवायचा तर स्मृती फार लागली असती आणि किंमत वाढली असती. त्याऐवजी आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे ठोकळे कॅसेटमध्येच तयार ठेवलेले असतात आणि कोणत्या जागी कोणता ठोकळा बसवायचा एवढीच यादी यंत्र स्मृतीत ठेवते. एका पडद्याची ही यादी, रंगांच्या नोंदींसह, बरोबर १ किलोबाइटमध्ये मावते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळात आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे एकच चित्र आहे, फक्त रंगसंगती वेगळी आहे. मारिओ, शत्रू, गोळ्या अशा हलत्या वस्तू मात्र या यादीबाहेर स्वतंत्रपणे काढल्या जातात. अशा लहान आकृत्या पडद्यावर एका वेळी ६४ आणि एका आडव्या रेषेत जास्तीत जास्त ८ दिसू शकतात. गर्दी झाली की आकृत्या लुकलुकतात त्याचे कारण हेच. नववी आकृती काढता येत नाही, म्हणून खेळ त्यांना आळीपाळीने दाखवतो.

कॅसेट ही या यंत्रात केवळ साठवणीची वस्तू नाही, तो यंत्राचाच अर्धा भाग आहे. तिच्यात साधारणतः दोन स्मृतिचिप असतात, एक आज्ञावलीची आणि दुसरी चित्रांची. पहिली प्रोसेसरला आणि दुसरी चित्रचिपेला थेट जोडली जाते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ३२ अधिक ८, म्हणजे केवळ ४० किलोबाइटचा आहे. प्रोसेसरला कॅसेटमधला एका वेळी साधारण ३२ किलोबाइट एवढाच भाग दिसत असल्याने, मोठ्या खेळांच्या कॅसेटींत आणखी एक चिप घालण्यात आली. ती स्मृतीचे तुकडे हवे तसे अदलाबदल करून समोर आणते. यामुळे १९८३ च्या यंत्रावर पुढे कितीतरी पट मोठे खेळ चालले आणि यंत्राला मात्र हात लावावा लागला नाही. फॅमिकॉम इतकी वर्षे टिकला त्याचे श्रेय खेळांइतकेच या एका निर्णयाला द्यायला हवे.

बंदुकीची कार्यपद्धती अनेकांना उलटी वाटते. बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा घटक असतो. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीला अंधारानंतर उजेड दिसला तर नेम लागला असे यंत्र मानते. हा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या तात्काळ उमटणाऱ्या चित्रावर बेतलेला असल्याने आजच्या सपाट टीव्हीवर ही बंदूक निकामी ठरते.

प्रतिकृती : तैवानच्या यूएमसी कंपनीने प्रोसेसरची आणि चित्रांची अशा दोन्ही चिपांच्या स्वतःच्या आवृत्त्या बनवल्या आणि पुढे संपूर्ण यंत्र एकाच चिपमध्ये बसवले गेले. ‘मायक्रो जीनियस’ हे या प्रतिकृतींपैकी एक प्रसिद्ध नाव. भारतात मीडिया कंपनीचा ‘लिटल मास्टर’ विकला जाई. निनावी संच तर अगणित होते. भारतीय टीव्ही सेकंदाला ५० चित्रे दाखवतो, जपानी टीव्ही ६०. यूएमसीच्या आवृत्तीत प्रोसेसरची गती जपानी संचाच्या जवळपास ठेवून चित्रांची संख्या मात्र ५० केलेली होती. त्यामुळे जपानी खेळ न बिघडता चालले, पण संथपणे. अशा संचावर आपल्याकडच्या मुलांनी खेळलेला मारिओ जपानी मारिओपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने हळू धावत होता आणि त्याचे संगीतही, सूर जवळपास तेच राहून, तेवढ्याच धिम्या लयीत वाजत होते. या संचांवरील बहुतेक कॅसेटी मूळ निर्मात्यांच्या परवानगीवाचून छापलेल्या होत्या, ही गोष्टही नोंदवायला हवी. ‘९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटींत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत आणि तेच वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी लांबवलेली असे.

सांगली-साताऱ्यातील प्रसार : येथे हे यंत्र मुख्यतः दोन वाटांनी आले. जावळी, पाटणसारख्या तालुक्यांतील असंख्य कुटुंबांचे कर्ते पुरुष मुंबईत कामाला. मे महिन्याची सुट्टी, गणपती किंवा गावची जत्रा यांसाठी येताना मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारांतून घेतलेला संच गावी येई. दुसरी वाट इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि टीव्ही दुरुस्तीच्या स्थानिक दुकानांची. संच विकत घेणे ज्यांना जमत नसे, ती मुले तासावर पैसे देऊन खेळत. कॅसेट भाड्याने आणणे आणि मित्रांत बदलून घेणे हाही नित्याचा व्यवहार होता.

जोडणीचा खटाटोप टीव्ही मेकॅनिकच्या परिचयाचा होता. संचातून येणारी वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची आणि चॅनेल शोधण्याचे चाक अगदी हळू फिरवत चित्र पकडायचे. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला चपट्या दुहेरी वायरची अँटेना असल्याने मध्ये बलून हा छोटा जोडभाग लावावा लागे. अडॅप्टर सुमारे ९ व्होल्टचा असतो आणि आतील ७८०५ ही तीन पायांची चिप त्याचे ५ व्होल्ट करते. बंद पडलेल्या संचात पहिला संशय याच चिपेवर घेतला जाई. ती सहज मिळत असल्याने दुरुस्ती स्वस्तात होई. लोडशेडिंग हा मात्र न सुटणारा प्रश्न होता. बॅटरीवर प्रगती जपणाऱ्या कॅसेटी आपल्याकडे दुर्मीळ असल्याने वीज गेली की खेळ पहिल्या पायरीवर येई.

कॅसेट न लागल्यास तिच्या पिनांवर फुंकर मारण्याची सवय सार्वत्रिक होती. तिने काम झाल्यासारखे वाटे, ते बहुधा कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. तोंडाच्या वाफेने पिनांना गंज मात्र लागे. शाळेच्या खोडरबराने पिना हलकेच घासणे हा त्याहून बरा उपाय, आणि कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे सर्वांत चांगला. सांगलीत २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी घरांत शिरले होते. भिजलेला संच वाचणे कठीण असते, परंतु कॅसेटमधील खेळ कारखान्यातच चिपेत कायमचा कोरलेला असल्याने पाण्याने तो पुसला जात नाही. स्वस्त कॅसेटींत ही चिप काळ्या राळेच्या थेंबाखाली झाकलेली असते आणि राळेला तडा गेलेला नसेल तर स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवलेली कॅसेट पुन्हा चालू शकते. म्हणून माळ्यावर सापडलेली कॅसेट भंगारात घालण्याआधी तिच्या पिना पुसून ती एकदा ६० पिनांच्या संचात लावून पाहावी.