धूर हवेत, अळ्या टायरात

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर एक फोटो ठरलेला असतो. शाळेचं मैदान, पांढऱ्या धुराचे लोट, खांद्याला यंत्र अडकवलेला कर्मचारी, मागे नाकाला रुमाल लावून उभे असलेले मुख्याध्यापक आणि एखादे नगरसेवक. धुरामागे धावणारी पोरंही असतातच. खाली ओळ असते, ‘डेंग्यूच्या पार्श्वभूमीवर शाळेत धूरफवारणी’. पालक निर्धास्त होतात. माझी मात्र चिडचिड होते, कारण त्या फोटोत डास सोडून सगळे हजर असतात.

मुळात दिसतो तो धूर कीटकनाशकाचा नसतोच. तो डिझेलचा किंवा रॉकेलचा असतो. यंत्रात तेल तापून त्याची वाफ होते, बाहेर आल्यावर ती गार होते आणि तिचे अतिसूक्ष्म थेंब पांढरे दिसतात. पायरेथ्रम, मॅलॅथिऑन, सायफेनोथ्रिन यांपैकी जे काही कीटकनाशक असेल, ते त्या तेलात थोडंसं मिसळलेलं असतं. हे थेंब जास्तीत जास्त २५-३० मायक्रॉनचे. ते हवेत तरंगत असताना एखादा डास उडत येऊन त्यांना धडकला, तर मरतो. बाकाखाली, कपाटामागे, फळ्याच्या मागच्या अंधारात बसलेल्या डासापर्यंत तो थेंब बहुतेक वेळा पोचतच नाही. त्यात फवारणी होते भर दुपारी, कारण साहेब तेव्हा मोकळे असतात. उन्हाने तापलेल्या मैदानावरची हवा वर उठत असते आणि धुरालाही सोबत वर नेते. पहाटे किंवा तिन्हीसांजेला जमिनीलगतची हवा गार आणि वरची थोडी उबदार असते, तेव्हा धूर खाली रेंगाळतो. धूरफवारणी करायचीच तर ती वेळ. अर्थात त्या वेळी फोटोला उजेड नसतो.

साथ पेटलेली असताना, विषाणू घेऊन उडणारे डास पटकन कमी करायला धुराचा थोडा उपयोग होतो, हे मान्य. पण अंडी, अळ्या आणि कोष पाण्यात असतात. त्यांना या धुराचा पत्ताही लागत नाही. आठवड्याभरात नवी फौज तयार.

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी दिवसा चावते, मुख्यतः सकाळी आणि दुपार कलल्यावर. म्हणजे शाळेचं आणि तिचं वेळापत्रक जवळजवळ एकच. ती फार लांब उडतही नाही. जन्मली तिथून शे-दोनशे मीटरच्या आत तिचं बहुतेक आयुष्य जातं. त्यामुळे वर्गात चावणारा डास नाल्यावरून आला असेल असं समजू नये. तो बहुधा शाळेच्याच आवारातला असतो.

आवारात कुठला? गच्चीवर तुंबलेलं पाणी, हात धुण्याच्या नळांखालचा खड्डा, झाकण हरवलेली सिमेंटची टाकी, गोलपोस्टचा वरून उघडा पाइप, ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यातली खाच. आणि अलीकडचं सगळ्यांत लाडकं ठिकाण म्हणजे टायर. ‘टाकाऊतून टिकाऊ’ उपक्रमात जुने टायर लाल-पिवळे रंगवून शाळेत आणतात. कुणी त्यांचा झोपाळा करतं, कुणी कुंडी, कुणी अर्धे जमिनीत पुरून कमानी करतं. दिसायला झकास! पण टायर कसाही ठेवला तरी त्याच्या पोटातल्या खोबणीत थोडं पाणी उरतंच. आत अंधार, ऊब आणि कुजलेला पाला. एडिसला याहून चांगलं बाळंतघर मिळायचं नाही. अमेरिकेत १९८५ साली ह्यूस्टनला एडिसचीच बहीण, आशियाई टायगर डास, ठाण मांडून बसलेली सापडली. ती तिथे पोचली होती जहाजातून आलेल्या जुन्या टायरांबरोबर, अंड्यांच्या रूपात.

ही अंडी अजब असतात. मादी ती पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत. कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात. पुढे पाऊस पडला, पाणी चढलं, अंडी बुडाली आणि पाण्यातला ऑक्सिजन घटू लागला, की आतली अळी बाहेर पडते. तीही सगळी एकदम नाही. काही पहिल्या पावसात, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. आता शाळेचं कॅलेंडर आठवा. मे महिन्यात आवार ओस. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस. पंधरा जूनच्या आसपास प्रवेशोत्सवाला गुलाबाची फुलं घेऊन मुलं येतात, तेव्हा नव्या डासांचीही पहिली तुकडी वर्गात हजर असते.

म्हणून डास गाठायचा तो पाण्यात. हवेत तो कुठेही जाऊ शकतो, पाण्यात त्याची अळी वीतभर जागेत कोंडलेली असते.

पाणी ओतून टाकता येत असेल तर प्रश्नच मिटला. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं हिवताप विभागाचे कर्मचारी आणि आशाताई कानीकपाळी ओरडून सांगतात, ते शंभर टक्के बरोबर आहे. टायरला सर्वांत खालच्या जागी ड्रिलने दोन-तीन भोकं पाडायला पाच मिनिटं लागतात. पण काही पाणी ओतता येत नाही. जमिनीखालची टाकी, बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी, पावसाच्या पाण्याचा साठा. अशा ठिकाणी काय घालायचं? इथे माझा आवडता जीवाणू येतो.

१९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात योएल मार्गालिथ हे कीटकशास्त्रज्ञ एका कोरड्या नदीपात्रातल्या डबक्यापाशी थांबले. डबक्यावर क्युलेक्स डासाच्या मेलेल्या अळ्यांचा तवंग होता. त्यांनी तिथला नमुना घेतला आणि लेनर्ड गोल्डबर्ग यांच्यासोबत त्यातून एक जीवाणू वेगळा केला. तो निघाला बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला ‘बीटी कापूस’ या नावातून माहीत असलेला बीटी, पण नव्या पोटजातीचा. तिला इस्रायलेन्सिस नाव मिळालं, थोडक्यात बीटीआय. कापसातला बीटी बोंडअळीला मारतो, डासाच्या अळीला नाही. बीटीआय डासाच्या अळीला मारतो, बोंडअळीला नाही. ही निवड कशी होते, यातच सगळी मजा आहे.

हा जीवाणू उपासमारीच्या वेळी बीजाणू तयार करतो आणि त्याच वेळी शेजारी प्रथिनांचा एक स्फटिक रचतो. हा स्फटिक म्हणजे तयार विष नव्हे. साध्या पाण्यात तो विरघळत नाही आणि विरघळल्याशिवाय काही करूही शकत नाही. डासाची अळी तोंडाजवळचे दोन ब्रश सतत हलवून पाणी गाळते आणि त्यातले कण गिळते, त्यात हे स्फटिकही जातात. पांढऱ्या वाडग्यात डबक्यातलं पाणी घेऊन भिंगातून पाहिलं तर हे ब्रश चालताना दिसतात. एडिसची अळी शेपटीकडची श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली करून लटकलेली असते. वाडग्यावर हाताची सावली पडली की वळवळत तळ गाठते.

आता दहावीला शिकलेला सामू आठवा. आपल्या जठराचा सामू दीड ते साडेतीन, म्हणजे कडक आम्ल. डासाच्या अळीच्या मध्यांत्राचा, म्हणजे मधल्या आतड्याचा, पुढचा भाग याच्या नेमका उलट, सामू साडेदहाच्या आसपास. जिवंत प्राण्याच्या शरीरात इतका अल्कधर्मी कोपरा फार क्वचित आढळतो. कुजलेल्या पाल्यातलं टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं, ते सोडवायला बहुधा ही सोय झाली असावी. अळीची त्वचा इतकी पारदर्शक, की थायमॉल ब्लूसारखा, सामूनुसार रंग बदलणारा दर्शक तिला खाऊ घातला तर आतड्याचा कोणता भाग निळा झाला ते सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं.

या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो. मग अळीचीच पाचक विकरं (एन्झाइम) त्या मोठ्या प्रथिनाची टोकं छाटतात आणि आतला विषारी गाभा मोकळा होतो. थोडक्यात, विष अळी स्वतःच तयार करते. पुढे या गाभ्याला आतड्याच्या पेशींवरचे ठरावीक ग्राही (रिसेप्टर) लागतात. कुलपाला किल्ली लागावी तसा तो तिथे बसतो, मग असे अनेक रेणू एकत्र येऊन पेशीच्या पटलाला आरपार छिद्र पाडतात. क्षार आणि पाणी आत घुसतात, परासरणाने पेशी फुगते आणि फुटते. तासाभरात अळीचं खाणं थांबतं, बहुतेक अळ्या चोवीस तासांत मरतात.

माणसाने हा स्फटिक गिळला तर? जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याची प्रथिनं इतर कुठल्याही डाळीतल्या प्रथिनांसारखी पचवून टाकतात. चौकस वाचक म्हणेल, आपलं लहान आतडंही थोडं अल्कधर्मी असतंच की. असतं, पण सामू आठच्या घरात. साडेदहा आणि आठ यांत अडीच अंकांचा फरक दिसतो, पण सामूची मोजपट्टी दसपटीची असल्याने हा फरक तीनशे पटींहून जास्त होतो. शिवाय अळीच्या आतड्यात असतात ते ग्राही आपल्या पेशींवर नाहीतच.

विदर्भ-मराठवाड्यातला वाचक इथे विचारेल, बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली, मग डास का नाही होणार? प्रश्न अगदी रास्त. पहिल्या बीटी कापसात क्राय-१-एसी नावाचं एकच विषारी प्रथिन होतं. बीटीआयच्या स्फटिकात मुख्य चार असतात. क्राय-४-ए, क्राय-४-बी, क्राय-११-ए ही तीन, आणि चौथं सायट-१-ए, जे वेगळ्याच घराण्यातलं. सायटला ग्राहीच लागत नाही. ते पटलातल्या मेदात थेट घुसतं आणि घुसल्यावर स्वतःच क्राय-११ साठी ग्राही बनतं! २००५ मध्ये मेक्सिकोतल्या संशोधकांनी हे दाखवलं. अळीने उत्परिवर्तनाने आपलं कुलूप बदललं, तरी बीटीआय स्वतःचं कुलूप सोबत घेऊनच येतो. कॅलिफोर्नियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्युलेक्सच्या अळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त क्राय-११ दिलं, तर प्रतिकार शेकडो पटींनी वाढला. चारही एकत्र दिल्यावर तो जेमतेम हलला. जर्मनीत ऱ्हाइनकाठी १९८०च्या दशकापासून बीटीआय वापरतात आणि तिथले डास अजून त्याला बळी पडतात.

अवगुणही आहेत. बीटीआय उन्हात लवकर निकामी होतो, गढूळ पाण्यात गाळाला चिकटून तळाला जातो, म्हणून साधारण आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा टाकावा लागतो. कोष काही खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर परिणाम शून्य. अंड्यांवरही नाही. न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या मात्र याने मरतात आणि त्या मासे-पक्ष्यांचं खाद्य आहेत. म्हणून तो टाकी-खड्ड्यात वापरावा, गावतळ्यात नाही. पिण्याच्या टाकीला तर घट्ट झाकण आणि जाळी पुरते, तिथे काही टाकायची गरजच पडू नये.

हे सगळं सोडून शाळा कशावर पैसे घालवतात? अल्ट्रासाउंडच्या यंत्रांवर. आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांच्या दहा क्षेत्रीय अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये घेतला. फरक काहीच आढळला नाही. मोबाइलवरच्या ॲपचीही तीच गत. ‘डास पळवणारं झाड’ म्हणून नर्सरीवाले गवती वासाचं रोप विकतात, ते कुंडीत नुसतं उभं राहून काही करत नाही. लिंबात लवंगा खोचून टेबलावर ठेवण्याबद्दल तर न बोललेलं बरं.

लिंबू-लवंगेने निदान कुणाला इजा होत नाही. खेड्यातल्या शाळांत याहून वाईट घडतं. गाजरगवतावर, मुंग्यांवर, डबक्यावर शेतातलं उरलेलं औषध मारायचं, पंप कुणा पालकाचाच. यातली बरीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. ती मज्जातंतूंमधला ॲसिटिलकोलिनेस्टरेज हा विकर बंद पाडतात, आणि तो विकर डासात आहे तसाच पाचवीतल्या मुलातही आहे. इथे कुलूप वेगळं नाही. त्यात मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतं, जमिनीवर खेळतं आणि तोच हात तोंडात घालतं. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामनच्या शाळेत जुलै २०१३ मध्ये मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली. तेव्हापासून मला शाळेच्या खोलीत औषधाचा डबा दिसला की तो तिथे का आहे, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. सरकारी कर्मचारी अळ्या मारायला पाण्यात टाकतात ते टेमेफॉस, म्हणजे ॲबेट, याच गटातलं आहे. पण सस्तन प्राण्यांना ते बरंच सौम्य, आणि मोजून टाकलं जातं. त्याची बाटली शाळेत ठेवून घेऊ नये, इतकंच.

बाकीच्या किडींचं थोडक्यात. लाल मुंग्या आणि उंदीर पोषण आहाराच्या सांडलवंडीवर येतात, आणि उंदरांमागून साप. स्वयंपाकखोलीचं दार खाली घासेल इतकं बसवलं आणि खरकटं त्याच दिवशी उचललं की अर्धं काम होतं. इमारतीवर आग्यामोहोळ लागलं तर शाळेच्या वेळेत धूर, दगड, फवारा यांतलं काहीही नको. खालची जागा बंद करावी आणि जाणत्या माणसाला रात्री बोलवावं. या माश्या हंगामानुसार स्वतःहून स्थलांतर करतात, त्यामुळे पुष्कळदा नुसतं थांबणंही पुरतं.

पुन्हा डासांकडे. राज्यात डेंग्यूचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही आठवडे असतो, आणि नेमकी त्याच काळात दिवाळीची सुट्टी येते. सुट्टी दोन-तीन आठवड्यांची, डासाचं चक्र आठ-दहा दिवसांचं. या काळात कोरडा दिवस पाळायला आवारात कुणी नसतं. तेव्हा सहामाही संपते त्या दिवशी गच्चीच्या पन्हाळीतला पाला काढावा, बादल्या आणि हंडे पालथे घालावेत, टाकीच्या कडा काथ्याने खरवडून घ्याव्यात, कारण नुसत्या पाणी ओतण्याने चिकटलेली अंडी निघत नाहीत. न ओतता येणाऱ्या पाण्यात बीटीआय टाकावा. आणि किल्ली ज्या शिपाईमामांकडे असते, त्यांना पुढच्या मात्रेची तारीख खडूने टाकीवरच लिहून द्यावी.