मराठी पटकथा आणि बदलत्या लाटा

‘सध्या काय चालतंय?’ हा प्रश्न निर्मात्यासोबतच्या पहिल्याच बैठकीत लेखकासमोर येतो. मराठीत त्याचं उत्तर प्रेक्षकांच्या आवडीइतकंच थिएटर, कर आणि कायदा यांनी ठरवलं आहे. चाललेला सिनेमा पाहून तसंच लिहायला बसलेला लेखक म्हणूनच बहुतेक वेळा उशिरा पोचतो.

१९५९ साली आलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला आणि साठच्या दशकात फड, लावणी, पाटील, सूड हे पटकथेचं ठरलेलं सामान झालं. त्यामागे गावोगावचा, जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहणारा मोठा प्रेक्षक होता. पुढच्या अनेकांनी लावणी उचलली, गोष्ट मात्र मागेच राहिली.

या काळातून शिकायचं ते वसंत सबनीसांकडून, असं मला मनापासून वाटतं. १९६५ साली त्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य रंगभूमीवर आणलं. त्यातला हवालदार दादा कोंडके यांनी गाजवला. १९७१चा ‘सोंगाड्या’ही सबनीसांनीच लिहिला. तमाशा त्यातही आहे, पण केंद्रस्थानी आला तो फडाच्या नादाला लागलेला भोळा नाम्या, आणि सूडाची जागा विनोदाने घेतली. पुढे १९८८मध्ये हेच सबनीस ‘अशी ही बनवाबनवी’ लिहितात. गाभा १९६६च्या एका हिंदी चित्रपटाचा. पण पुण्यात भाड्याची खोली मिळेना म्हणून चौघांपैकी दोघांना साडी नेसावी लागते, ही अडचण शहरात खोली शोधत फिरलेल्या मराठी माणसाला लगेच कळली. फडापासून भाड्याच्या खोलीपर्यंत एकच लेखक पोचला, कारण प्रेक्षक कुठे राहायला गेला आहे यावर त्याची नजर होती.

दरम्यान १९७५मध्ये राज्य सरकारची करपरतावा योजना आली. करमणूक कराची रक्कम निर्मात्याला परत मिळे, ती पुढच्या मराठी चित्रपटात घालण्याच्या अटीवर. त्यामुळे निर्मिती टिकली. मात्र परताव्यासाठी घाईने उरकलेल्या पटकथाही वाढल्या, हेही म्हणायला हवं.

मग मल्टिप्लेक्स आले. लहान पडद्यांमुळे कमी प्रेक्षकांच्या चित्रपटालाही जागा मिळू लागली. २००४च्या ‘श्वास’ने ‘श्यामची आई’नंतर प्रथमच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीत आणला. आजोबा, नातू आणि डोळ्याचं ऑपरेशन एवढीच ती गोष्ट. एकही लावणी नसलेली.

२०१६च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ने गर्दीचे विक्रम केले. त्याच वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ भारतात सुरू झाले होते. जातीचं वास्तव मोठ्या पडद्यावर गर्दी खेचतंय हे निर्मात्यांना उमगेपर्यंत घरातला पडदाही स्पर्धेत उतरला होता.

इथे २०१२ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती कामाला येते. चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापरावरच्या रॉयल्टीतला लेखकाचा हक्क करारात सोडून देता येत नाही, असं ती सांगते. ओटीटीसाठी लिहिणाऱ्याने सही करण्याआधी करारात हा मुद्दा पहिल्यांदा तपासावा.